थंडीत धरण काठोकाठ भरलेलं असतं, तरी मच्छीमारांचं जाळं रिकामं का येतं?

डिसेंबर-जानेवारी आला की रील्समध्ये एक व्हिडिओ हमखास फिरतो. बर्फाने गोठलेलं तळं, त्यात ड्रिलने पाडलेलं भोक, भोकाशेजारी स्टूल टाकून बसलेला माणूस आणि थोड्या वेळात त्याने वर ओढलेला हातभर लांबीचा मासा. तो लांबट, दातेरी, हिरवट अंगाचा मासा बहुतेक वेळा पाईक असतो. त्याच तळ्यात रोच नावाचा लहान, चंदेरी मासाही गळाला लागतो. बाहेर शून्याखाली तापमान आणि तरीही हा माणूस मजेत मासे पकडतोय, हे बघून भारी वाटतं.

आता तिथून थेट जालना जिल्ह्यात येऊ. जालन्याहून मंठ्याकडे जाताना वाटूर लागतं. वाटूर फाट्यावरून एक रस्ता परतूरकडे वळतो आणि त्या बाजूला निम्न दुधना प्रकल्पाचं बॅकवॉटर पसरलेलं आहे. धरण परभणी जिल्ह्यात सेलू तालुक्यातल्या ब्रह्मवाकडीला, पण त्याच्या फुगवट्याचं पाणी जालना जिल्ह्यातल्या परतूर-मंठा भागापर्यंत येतं. पाऊसकाळ चांगला झाला असेल तर डिसेंबरात हे पाणी डोळ्यांत मावत नाही.

इथे बर्फ पडत नाही, पाणी गोठत नाही. तरीही थंडीचा कडाका वाढला की मच्छीमार एकच गोष्ट सांगतात, "जाळ्याला मासा लागंना."

मग प्रश्न पडतो. तिकडे बर्फाखालून मासे निघतात आणि इकडे भरलेल्या धरणातून का निघत नाहीत? मासे मरतात का? दुसरीकडे निघून जातात का?

तर यातलं काहीच होत नाही. मासे तिथेच असतात. पण थंडीत त्यांचं अंग, त्यांचं घर आणि त्यांचा दिवस बदललेला असतो.

माशाच्या अंगात हीटर नसतो

माणसाचं शरीर बाहेर कितीही थंडी असली तरी ३७ अंशांच्या आसपास राहतं. त्यासाठी आपण खाल्लेल्या अन्नाचा मोठा वाटा शरीर नुसतं गरम ठेवण्यातच खर्च होतो. थंडीत भूक जास्त लागते ती त्यामुळेच.

माशाचं उलटं असतं. आपले बहुतेक सगळे मासे थंड रक्ताचे. म्हणजे पाण्याचं तापमान जेवढं, साधारण तेवढंच त्यांच्या अंगाचं तापमान. पाणी थंड झालं की मासाही थंड होतो आणि त्याच्या शरीरातली सगळी कामं मंदावतात. श्वास, पचन, हालचाल, वाढ, सगळंच.

याचा एक ढोबळ हिशोब आहे. तापमान १० अंशांनी खाली आलं की माशाच्या शरीराचा वेग साधारण निम्मा होतो. पावसाळ्याच्या शेवटी ३० अंशांच्या पाण्यात जो रोहू दिवसभर चरत होता, त्याला २० अंशांच्या पाण्यात जवळपास निम्मंच खाणं पुरतं. पोटात गेलेलं पचायलाही जास्त वेळ लागतो. भूक कमी म्हणून फिरणं कमी, आणि फिरणं कमी म्हणून जाळ्यात येणंही कमी.

इथेच जाळ्याचा मुद्दा येतो. धरणात वापरलं जाणारं बहुतेक जाळं पाण्यात उभ्या पडद्यासारखं लावतात. संध्याकाळी लावायचं आणि पहाटे काढायचं. हे जाळं माशाच्या मागे जात नाही, माशाने येऊन त्यात डोकं घालावं लागतं. मासा फिरलाच नाही तर जाळं काय करणार? धरणात मासे तेवढेच असले, तरी रात्री फिरणारे निम्मे झाले की जाळ्यात येणारेही तेवढेच कमी होतात.

त्यात आणखी एक भर. पावसाळ्यात पाणी गढूळ असतं, जाळं दिसत नाही. थंडीपर्यंत गाळ खाली बसतो, पाणी नितळ होतं आणि माशाला जाळं दिसायला लागतं. चांदणी रात्र असेल तर विचारूच नका.

बाहेर ८ अंश असलं तरी पाणी ८ अंश होत नाही

मराठवाडा म्हटलं की डोळ्यांसमोर उन्हाळा येतो, पण इथली थंडीही कमी नाही. डिसेंबर २०१८ मध्ये परभणीच्या कृषी विद्यापीठात पारा २ अंशांपर्यंत घसरल्याची नोंद झाली होती. मग त्या दिवशी शेजारच्या धरणातलं पाणीही २ अंश झालं होतं का?

नाही. पाणी तापायलाही वेळ घेतं आणि थंड व्हायलाही. एक लिटर पाण्याचं तापमान एका अंशाने खाली आणायला जेवढी उष्णता काढावी लागते, तेवढ्यात साधारण साडेतीन हजार लिटर हवा एका अंशाने थंड होते. त्यामुळे पहाटे हवा ८ अंश असली तरी मोठ्या धरणाचं पाणी २० अंशांच्या आसपास असू शकतं. पहाटे पाण्यावरून वाफा निघताना दिसतात, त्याचं कारण हेच. पाणी हवेपेक्षा गरम असतं.

पण सगळीकडचं पाणी सारखं थंड होत नाही. काठाला पाणी गुडघाभर असतं, ते रात्रीतून लवकर थंड होतं. मधल्या खोल भागात पाण्याचा साठा मोठा, त्यामुळे तिथलं तापमान फारसं हलत नाही. थंडीत मासा रात्री काठ सोडून खोल पाण्याकडे सरकतो ते यासाठी. दुपारी ऊन चढलं की उथळ काठ आधी तापतो, आणि तेव्हा काही मासे परत काठाला येतात.

थंडीत माशाचं घर मोठं होतं

ही गोष्ट सहसा कुणाच्या लक्षात येत नाही, पण मासा कमी लागण्यामागे तिचा वाटा मोठा आहे.

उन्हाळ्यात धरणाचं वरचं पाणी तापून हलकं होतं आणि खालच्या थंड पाण्यावर तरंगत राहतं. दोन्ही नीट मिसळत नाहीत. तळाला कुजणाऱ्या गाळात प्राणवायू संपत जातो. म्हणून उन्हाळ्यात मासा फार खोल जाऊ शकत नाही, त्याला वरच्या भागातच राहावं लागतं.

थंडीत रात्री वरचं पाणी गार होतं, जड होतं आणि खाली बसतं. खालचं वर येतं. असं रोज रात्री होत राहिल्याने वरून खालपर्यंत पाणी घुसळून निघतं आणि प्राणवायू तळापर्यंत पोचतो. शिवाय थंड पाण्यात प्राणवायू जास्त विरघळतो. समुद्रसपाटीला ३० अंशांच्या एका लिटर पाण्यात साधारण साडेसात मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, २० अंशांच्या पाण्यात ९ मिलिग्रॅमपेक्षा थोडा जास्त.

म्हणजे थंडीत माशाला वरपासून तळापर्यंत सगळं धरण मोकळं. त्यात पावसाळा नुकताच संपलेला, पाणी दूरवर पसरलेलं. तेवढेच मासे कितीतरी जास्त पाण्यात विखुरलेले असतात. उन्हाळ्यात हेच पाणी आटून मधे गोळा होतं, मासेही गोळा होतात आणि जाळी भरायला लागतात. धरणातल्या मासेमारीचा खरा हंगाम म्हणून पाणी उतरायला लागल्यावर येतो.

मग बर्फाखालचा पाईक कसा सापडतो?

पाण्याची एक गंमत आहे. बहुतेक पदार्थ थंड होतील तसे जड होत जातात. पाणी मात्र ४ अंशांना सगळ्यात जड असतं आणि त्याखाली गेलं की पुन्हा हलकं व्हायला लागतं. म्हणून बर्फ वर तरंगतो आणि तळाला साधारण ४ अंशांचं पाणी टिकून राहतं. तळं वरून गोठलं तरी खाली मासे जगतात.

रोच अशा वेळी थव्याने खोल, संथ पाण्यात जमतो. पाईक एकटा राहतो, पाणवनस्पतींच्या आडोशाला निश्चल थांबतो आणि भक्ष्य टप्प्यात आलं की झडप घालतो. त्याचं शरीर थंड पाण्यासाठीच घडलेलं आहे, त्यामुळे एवढ्या गारठ्यातही तो शिकार करतो. बर्फावर बसलेल्या माणसाचं कसब म्हणजे थवा कुठे थांबलाय ते ओळखणं.

आपल्याकडे पाईकची जागा घेणारा मासा म्हणजे मरळ. तोही काठच्या गवतात दबा धरून बसतो आणि छोट्या माशांवर, बेडकांवर झेप घेतो. पण मरळ गरम पाण्यातला गडी. पाणी गार झालं की सुस्तावतो, चिखलात आणि गवतात दडून राहतो. त्याला पाण्याबाहेरची हवाही घ्यावी लागते, म्हणून अधूनमधून तो वर येतो आणि जुने मच्छीमार त्या बुडबुड्यांवरून त्याचा ठिकाणा ओळखतात.

बाकीच्यांचं काय?

रोहू, कटला, मृगळ हे मूळचे गंगेच्या खोऱ्यातले मासे. कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या आणि मृगळ तळाला. साधारण २५ ते ३० अंशांच्या पाण्यात ते जोमाने वाढतात. १४ अंशांच्या खाली रोहूला मानवत नाही.

चिलापी त्याहून नाजूक. मूळची आफ्रिकेतली ही मासळी १९५२ मध्ये भारतात आणली गेली. पाणी १६-१७ अंशांवर आलं की ती खाणं जवळपास सोडते आणि १०-१२ अंशांपर्यंत गेलं तर मरायला लागते. आपल्या मोठ्या धरणांत पाणी एवढं थंड होत नाही, म्हणून ती टिकून आहे.

सायप्रनस म्हणजे कॉमन कार्प थंडीला सगळ्यात चिवट. तो युरोपातल्या गोठणाऱ्या तळ्यांतही जगतो.

खरा पेच थंडीतच असतो

इथपर्यंत विज्ञान झालं. पण ज्याचं घर जाळ्यावर चालतं त्याच्यापुढे थंडीत वेगळाच प्रश्न असतो.

धरणातली मासेमारी ठेक्याने दिली जाते. बऱ्याच ठिकाणी हा ठेका मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो आणि मराठवाड्यात या संस्थांमध्ये भोई समाजातली कुटुंबं मोठ्या संख्येने आहेत. रोहू, कटला, मृगळ यांना अंडी घालायला पावसाळ्यातलं वाहतं पाणी लागतं, धरणाच्या थांबलेल्या पाण्यात त्यांची पैदास भरवशाची नसते. म्हणून संस्था दरवर्षी मत्स्यबीज विकत घेऊन पाण्यात सोडते.

हे बीज मिळतं ते एका भारतीय शोधामुळे. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात डॉ. हिरालाल चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या माशांना संप्रेरकाचं इंजेक्शन देऊन तळ्यातच अंडी घालायला लावण्यात यश मिळवलं. त्याआधी बीज नदीतून गोळा करावं लागायचं. त्या दिवसाची आठवण म्हणून १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन पाळला जातो.

आता हिशोब बघा. पावसाळ्यात बोटुकली सोडली, म्हणजे बोटाएवढं पिल्लू. डिसेंबरात ते जेमतेम पाव किलोचं झालेलं असेल असं समजा. थंडीत त्याची वाढ रखडते. फेब्रुवारीत पाणी तापायला लागलं की त्याची भूक उघडते आणि मग ते भराभर वाढतं. तोच मासा मेपर्यंत एक किलोचा झाला, तर एका माशामागे वजन चौपट. मोठ्या माशाला किलोमागे भावही जास्त मिळतो.

म्हणजे थंडीत थांबणं फायद्याचं. पण थांबायचं कसं? रोज रात्री जाळं लावायचं, पहाटे हाताला चार मासे, आणि घरचा खर्च मात्र तसाच चालू. अशा वेळी मोह होतो तो बारीक आसाचं जाळं लावायचा. आस म्हणजे जाळ्याचा डोळा. मोठ्या आसातून पिल्लं निसटतात, बारीक आसात पाव किलोचाही मासा अडकतो आणि त्याहून लहानही. त्या दिवशी टोपली भरते, पण उन्हाळ्याचं पीक तिथेच संपतं. स्वतःच सोडलेलं बीज स्वतःच उपसायचं, असा हा प्रकार.

त्याहून वाईट म्हणजे जिलेटिनचा स्फोट किंवा पाण्यात विष. इंग्रजांच्या काळात १८९७ च्या कायद्यानेच यावर बंदी आली होती, महाराष्ट्राच्या १९६० च्या मत्स्यव्यवसाय कायद्यातही ती आहे. स्फोटात मेलेले बरेच मासे तर वर येतही नाहीत, तळाला जाऊन कुजतात.

पण "उन्हाळ्यापर्यंत थांबा" हा सल्लाही मराठवाड्यात सरळ नाही. थंडीतच रब्बीची आवर्तनं सुटतात आणि पाणी उतरायला लागतं. २०१२-१३ आणि २०१५-१६ च्या दुष्काळात इथली कितीतरी धरणं मृतसाठ्यावर आली होती. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं. जिथे माणसांना पाणी नाही तिथे माशांना कुठून असणार? आटलेल्या डबक्यात प्राणवायू संपला की वर्षभराची मेहनत एका रात्रीत मरून वर येते. त्यामुळे जाणत्या संस्था थंडीतच धरणाचा साठा बघून ठरवतात. पाणी पुरेसं असेल तर थांबायचं, नसेल तर मोठ्या आसाने मोठा मासा आधी काढून घ्यायचा.

एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषी समकक्ष दर्जा दिला. शेतकऱ्यासारखं कर्ज, विजेचा दर अशा सवलती मच्छीमारांना मिळाव्यात हा त्यामागचा हेतू. थंडीतले हे दोन-तीन महिने निभावून नेण्यासाठी लागणारा पैसा सोप्या व्याजात मिळाला, तर बारीक आसाच्या जाळ्याचा मोह आपोआप कमी होईल.

थंडीत मासा पकडायचा तर काय करतात?

अनुभवी मच्छीमार ऋतू बघून जाळ्याची जागा बदलतात. पावसाळ्यानंतर काठाजवळ आणि वरच्या थरात लावलेलं जाळं थंडीत जुन्या नदीपात्राच्या खोल भागात आणि खालच्या थरात जातं. धरणाखाली बुडालेली जुनी नदी कुठून वाहत होती हे ज्याला माहीत, त्याला मासा सापडतो.

गळ टाकणाऱ्यांनी पहाटेचा हट्ट सोडावा. थंडीत ऊन चढल्यावर, सकाळी ११ ते दुपारी ४ च्या दरम्यान मासा जास्त तोंड लावतो. गळाला आमिष लहान असावं, कारण भूक कमी असते. सोसाट्याच्या गार वाऱ्याच्या काठापेक्षा उन्हातला, आडोशाचा काठ बरा. आणि ठेका असलेल्या पाण्यात गळ टाकायचा तर आधी संस्थेला विचारलेलं चांगलं.

शेततळ्यात मासे आहेत? मग हे वाचाच

२०१६ मध्ये 'मागेल त्याला शेततळे' योजना आली आणि जालना जिल्ह्यात शेततळी वाढली. जिल्ह्यातलं कडवंची गाव तर पाणलोटाच्या कामासाठी आणि शेततळ्यांवरच्या द्राक्षबागांसाठी राज्यभर ओळखलं जातं. अनेकांनी तळ्यात मासेही सोडलेत.

शेततळं म्हणजे छोटं धरण नव्हे. पाणी कमी असल्याने ते धरणापेक्षा लवकर थंड होतं. थंडीत सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे खाद्य तेवढंच टाकत राहणं. मासा खात नाही, खाद्य तळाला कुजतं, पाण्यात अमोनिया वाढतो आणि मासे मरतात. म्हणून खाद्य निम्म्यावर आणावं आणि पहाटेऐवजी दुपारी टाकावं. थोड्या वेळाने बघावं, खाद्य उरलं असेल तर दुसऱ्या दिवशी आणखी कमी करावं. बागेला पाणी देताना तळं तळापर्यंत उपसू नये. दीड-दोन मीटर पाणी राहिलं तर माशाला थंडीत खाली जायला जागा मिळते.

अंगावर लाल चट्टे किंवा जखमा असलेला मासा दिसला तर दुर्लक्ष करू नका. थंडीच्या सुरुवातीला पाणी २० अंशांच्या आसपास आलं की माशांमध्ये बुरशीसारख्या जिवाणे होणारा व्रणाचा रोग पसरतो. भारतात तो १९८८ मध्ये ईशान्येकडच्या राज्यांत पहिल्यांदा दिसला. मरळ आणि मृगळ यांना तो लवकर होतो. असे मासे बाजूला काढून पुरावेत आणि मत्स्यव्यवसाय विभागाच्या कार्यालयाला कळवावं.

आणि एक शेवटची गोष्ट, जिवाची

मराठवाड्यातल्या धरणांवर अनेक जण आजही थर्माकोलच्या तराफ्यावर किंवा टायरच्या ट्यूबवर बसून जाळी लावतात. पहाटेचं धुकं, अंगावर ओले कपडे आणि गार वारा. पाणी २० अंशांचं असलं तरी ते अंगातली उष्णता हवेपेक्षा कितीतरी वेगाने ओढतं. बोटं आधी बधिर होतात, जाळ्याची गाठ सुटत नाही, मग हातपाय साथ सोडतात. पट्टीचा पोहणाराही जाळ्यात पाय अडकून बुडतो तो असा. लाइफ जॅकेट घालणं, एकट्याने न जाणं आणि धुकं विरेपर्यंत काठावर थांबणं, या तीन गोष्टींनी जीव वाचतो. जाळं तासभर उशिरा काढलं म्हणून थंडीत मासा लगेच खराब होत नाही.

तर पुढच्या वेळी बर्फातल्या पाईकची रील समोर आली की वाटूरच्या पुढे पसरलेलं दुधनेचं पाणीही आठवा. तिथे मासे संपलेले नसतात. ते खोल पाण्यात, अर्ध्या भुकेवर, पाणी तापायची वाट बघत असतात. आणि थंडीभर बाजारात तळहाताएवढे रोहू-कटला ढिगाने दिसायला लागले, तर समजा की कुणीतरी उन्हाळ्याचं पीक हिवाळ्यातच कापलंय.